गावातल्या सिस्टरांच्या बालवाडीत लेकीला घालू, की बेळगावच्या व्हॅनमध्ये बसवू?

मलप्रभेकाठची

नमस्कार. आम्ही कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातले, जांबोटी भागातलं छोटं गाव. नवरा गोव्यात कामाला, पंधरा दिवसांनी येतो. घरात सासू-सासरे, मी आणि लेक. लेकीचा जन्म सप्टेंबर २०२२चा, म्हणजे येत्या जूनला ती पावणेचार वर्षांची होईल. तिला कुठं घालायचं यावरनं घरात रोज बोलणं चाललंय. प्रत्येकाचं म्हणणं मला थोडं थोडं पटतंय, म्हणूनच इथं विचारतेय.

गावाच्या खालच्या अंगाला चर्च आहे. त्याच्या आवारात सिस्टरांची बालवाडी चालते. नर्सरी, एलकेजी, यूकेजी मिळून पंचवीसेक मुलं. दोन कौलारू खोल्या, पुढं फणसाचं झाड. एक सिस्टर केरळच्या, एक टीचर आमच्याच गावची सून आणि एक आया. दारातनं निघालं की चालत पाच-सात मिनिटं. फी परवडणारी आहे.

दुसरी बेळगावची मोठी इंग्लिश मीडियम शाळा. आमच्या गल्लीतली मुलं व्हॅननं तिकडं जातात. सकाळी सातच्या आधी व्हॅन येते, परत यायला तीन-साडेतीन होतात. शाळा झकास आहे, खोटं का बोलू. मोठं ग्राऊंड, स्मार्ट बोर्ड, मुलं इंग्लिश फाडफाड बोलतात. चौकशीला गेले तेव्हा तिथं सांगितलं की नर्सरीची गरजच नाही, थेट एलकेजीला घेतो, एक वर्ष वाचेल.

अंगणवाडीही आहे. तिथल्या बाई मायाळू आहेत, खरं त्यांच्या मागं सर्वे, रजिस्टरं, मीटिंगा इतक्या की मुलांजवळ बसायला त्यांना वेळ मिळत नाही.

सासरे म्हणतात, आपण वारकरी, आमच्यात रोज हरिपाठ असतो, पोरगी उद्या घरी येऊन येशूची गाणी म्हणायला लागली तर? ते रागानं बोलत नाहीत. चर्चच्या फेस्ताला स्वतः जातात, फादरांशी त्यांचं चांगलं बोलणं आहे. खरं नातीचं शिकणं ही वेगळी गोष्ट आहे, असं त्यांना वाटतं. नणंद बेळगावात असते, ती म्हणते खेड्यात घातलीस तर पोरगी मागं पडेल. नवऱ्याला इंग्लिश पाहिजे.

माझी काळजी तिसरीच. लेक घरात मराठीच बोलते, तेही अजून बोबडं. सिस्टरांचं मराठी तोडकं. पडली, लागलं, रडू आलं तर ती कुणाला काय सांगणार? इतक्या कमी मुलांत तिला मैत्रीण मिळेल का? आणि पुढं पहिलीला काय करायचं? ज्यांची मुलं अशा छोट्या चर्चच्या शाळेत गेलीत त्यांनी मोकळेपणानं सांगा.

पहिलीच्या बाई

पोरी, मी सरकारी मराठी शाळेतनं निवृत्त झाले. बेळगाव आणि खानापूर, दोन्ही तालुक्यांत नोकरी झाली, आणि बहुतेक वर्षं पहिलीचाच वर्ग माझ्याकडं असायचा. अंगणवाडीतली, कॉन्व्हेंटातली, घरातनं थेट आलेली, सगळी मुलं जूनमध्ये माझ्यापुढ्यात येऊन बसायची. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वयाचं, कारण तिथं तुला अर्धंच सांगितलंय. कर्नाटकात पहिलीला घालताना १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात. त्या हिशेबानं यूकेजीला पाच आणि एलकेजीला चार. २०२५-२६ला सरकारनं पाच वर्षं पाच महिन्यांची सवलत दिली होती, ती त्या एका वर्षापुरती. तशी परत मिळेल असं धरून चालू नकोस. आता तुझ्या लेकीचं मोज. या जूनला थेट एलकेजीला बसवलीस तर २०२८च्या मार्चला तिचं यूकेजी संपणार, आणि त्या जूनला ती पावणेसहाची. पहिलीत घेणार नाहीत. परत यूकेजी, परत फी, आणि बरोबरच्या मैत्रिणी पुढं गेलेल्या. तिची पहिली २०२९च्या जूनलाच. म्हणजे वाचतंय म्हणून सांगितलेलं वर्ष कुठंच वाचत नाही. उलट नर्सरी, एलकेजी, यूकेजी अशी निवांत तीन वर्षं तुझ्या हातात आहेत. ती बेळगावला जाताना किणयेच्या रस्त्यावर व्हॅनमध्ये घालवायची की घराजवळ, एवढंच ठरवायचं आहे.

रस्त्याचं तुला मी काय सांगू? जुलैत जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस कसा धरतो ते तू रोज बघतेस. सकाळी शाळा असते, दुपारी सुट्टी जाहीर होते, नाल्यावर पाणी आलेलं असतं. मोठं मूल निभावून नेतं. पावणेचार वर्षांच्या मुलाला व्हॅनमध्ये झोप लागते, मान एकीकडं लटकते, कुणीतरी दप्तर मांडीवर ठेवतं. घरी आल्यावर ते जेवत नाही, नुसतं किरकिरतं. मग आई म्हणते, हल्ली हट्टी झालीय.

भाषेची तुझी काळजी मात्र अगदी रास्त आहे. माझ्या मते सगळ्यांत मोठी तीच. सिस्टर मल्याळी आहेत यानं बिघडत नाही. दिवसभर मुलांच्या अंगाला हात कुणाचा लागतो ते बघ. रडणं थांबवताना, चड्डी ओली झाल्यावर, कुणी ढकललं म्हणून तक्रार आली की तिथली माणसं मुलाशी कुठल्या भाषेत बोलतात, ते कान देऊन ऐक. वर्गात गाणी इंग्लिश असोत, रंगांची नावं इंग्लिश असोत, मुलं ती सहज उचलतात. खरं दुखतंय, भूक लागलीय, भीती वाटतेय हे मुलाला आपल्या भाषेत सांगता आलं पाहिजे, आणि ऐकणाऱ्याला ते कळलं पाहिजे.

माझ्याकडं शहरातल्या नर्सरीतनं आलेला एक मुलगा होता. बारा महिन्यांची नावं इंग्लिशमधनं एका दमात म्हणायचा. लघवीला जायचं विचारायला त्याला एक इंग्लिश वाक्य पाठ करून दिलेलं. पहिल्याच आठवड्यात घाबरून ते वाक्य आठवेना, म्हणून पोरानं विचारलंच नाही. बसल्या जागी ओला झाला आणि हातानं चड्डी झाकून बसून राहिला. घरात मराठी, मी मराठी, वर्ग मराठी, तरी मराठीत विचारलं तर चालतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याला मोकळं व्हायला दिवाळी उजाडली. आणि खेड्यातल्या बालवाडीतनं आलेली, अक्षर एक न येणारी पोरं पहिल्या दिवशी येऊन माझा पदर ओढायची आणि सांगायची, बाई, ह्यानं माझी पेन्सिल घेतली. अशा मुलांना मी दोन महिन्यांत वाचायला लावायचे.

स्मार्ट बोर्डवर भाळू नकोस. ताराबाई मोडकांनी १९४५ला बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढं ते काम कोसबाडला गेलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर तिथं राबल्या. चिंचोके, शंख-शिंपले, पानं, बिया, माती, अंगणात मिळेल त्यावर त्यांनी खेड्यातल्या मुलांची बालवाडी उभी केली. आणि २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, तो खेळातनं आणि शक्यतो घरच्या भाषेतनं न्यायचा म्हणून. जे कोसबाडला कळलेलं ते सरकारी कागदावर यायला इतकी वर्षं लागली.

आता कर काय, एक सकाळ तिथं जाऊन बस. आवारात विहीर असेल तर तिच्यावर जाळी आहे का बघ. संडासाची कडी मुलाच्या हाताला लागते का, आत कोंडून घेतलं तर बाहेरनं उघडते का. प्यायचं पाणी कुठलं. घरी न्यायला आलेल्या माणसाला ओळखल्याशिवाय मूल सोडतात का. आणि नर्सरीच्या मुलांपुढं चार रेघी वही आणि पेन्सिल दिसली, पानंच्या पानं एबीसीडी गिरवायला लावलेली दिसली, तर मात्र दहादा विचार कर. त्या वयात बोटं तयार नसतात. माती मळणं, मणी ओवणं, कागद फाडणं, हाच त्यांचा अभ्यास.

कमी मुलांची भीती बाळगू नकोस. तिन्ही वयाची मुलं एका खोलीत असली की मोठी धाकट्यांना सांभाळतात, आणि धाकटी मोठ्यांचं बघून शिकतात.

पहिलीचं अजून तीन वर्षांनी, तरी एक सांगते. गावातली सरकारी मराठी शाळाही विचारात घे. १९५६ला भाषावार राज्यं झाली तेव्हाच भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतनं मिळावं म्हणून घटनेत ३५०-अ कलम घातलं गेलं. आपल्या मराठी शाळांना त्याचा आधार आहे, खरं पट उतरत गेला की नुसत्या कलमानं शाळा टिकत नाही. मुलं लागतात. कन्नडची धास्ती नको, २०१५च्या कायद्यानं ते कुठल्याही माध्यमाच्या शाळेत पहिलीपासून शिकावंच लागतं. आणि आपल्या मुलांना ते आलंच पाहिजे, इथंच राहायचंय.

चर्चमागची गल्ली

वहिनी, मी त्याच पट्ट्यातला, कॅथलिक. आमच्या घरात कोंकणी, गल्लीत मराठी, तहसीलदार ऑफिसात कन्नड. अशाच बालवाडीत वाढलो, आता माझा पोरगा जातो. तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न योग्य आहे, त्याला सरळ उत्तर देतो.

आमचं धर्मशिक्षण रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर असतं, आणि ते आमच्याच मुलांना, तीही पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे चर्चचा प्रसाद पहिल्यांदा घ्यायच्या वयाला आली की. बालवाडीचा त्याच्याशी संबंध नाही. बालवाडीत काय असतं ते लपवून ठेवत नाही. सकाळी हात जोडून एक प्रार्थना, खाऊच्या डब्याआधी देवाचे आभार मानायच्या दोन ओळी, भिंतीवर मारियामातेची तसबीर. ८ सप्टेंबरला मारियामातेचा जन्मदिवस, त्याआधीचे नऊ दिवस मुलं फुलं घेऊन जातात. माझ्या पोराच्या वर्गातली हिंदू मुलंही परसातली जास्वंद, गोंडा घेऊन येतात, कारण सगळी नेतात म्हणून त्यांनाही न्यायची असतात. डिसेंबरात येशूजन्माचा गोठा करतात, मुलं मेंढरं होतात, घरी येताना हातात नेवरी (करंजी) असते. हे तुम्हाला चालत असेल तर पुढं जा. चालत नसेल तर आधीच बोला.

बोलायला आधारही आहे. घटनेच्या २८व्या कलमात लिहिलंय की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय लहान मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. म्हणून भांडायला जाऊ नका. सासऱ्यांना घेऊन फादरांकडं जा, दोघांनी बसून बोलू दे. काय ऐकायला मिळतं ते त्यांच्याच कानांनी ऐकू दे. आमच्या आजोबांचं आणि गावच्या हरिनाम सप्ताहाच्या मंडळींचं असंच बसणं-उठणं होतं, सप्ताहाच्या जेवणाला आमच्या घरातनं तांदूळ जायचा, अजूनही जातो.

एक गैरसमज काढून टाका. कॉन्व्हेंट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं बेळगावचं सेंट पॉल्स येतं. ते १८५६चं, मोठी परंपरा, मोठं नाव. आपल्या गावातली बालवाडी तसली नव्हे आणि तिला तसं व्हायचंही नाही. तिथनं पोरगी फाडफाड इंग्लिश बोलत बाहेर पडेल अशी आशा तुमच्या मिस्टरांनी ठेवू नये. आणि आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) फुकट सीटचं कुणी सुचवलं असेल तर तेही डोक्यातनं काढा, २०१४च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं अल्पसंख्याक संस्थांना ते लागू नाही.

नंदगड रोड

माझी मुलगी अशाच शाळेत तीन वर्षं होती, दुसऱ्या गावात. बाईंनी लिहिलेलं बरंचसं पटतं. दोन गोष्टी मात्र कुणी बोललं नाही, त्या मी सांगतो.

पहिली, बदली. सिस्टरांची काही वर्षांनी बदली होते, हे त्यांच्यात ठरलेलंच. माझी मुलगी ज्या सिस्टरांच्या मागंमागं फिरायची त्या एका मे महिन्यात गेल्या. नवीन आल्या त्या शिस्तीच्या. हातावर पट्टी नाही मारली कधी, खरं मांडीवरही घेतलं नाही. मुलगी जून-जुलै शाळेचं फाटक धरून बसायची. तिथं तिला सावरलं ते गावच्या टीचरनं. म्हणून ताई, सिस्टर किती चांगल्या आहेत यावर निर्णय घेऊ नका, त्या आज आहेत, उद्या नसतील. गावची जी टीचर आहे ती किती वर्षं टिकलीय, तिला पगार वेळेवर मिळतो का, ती खूश आहे का, हे विचारा.

दुसरी, पहिलीचा प्रवेश. मोठ्या इंग्लिश शाळांत पहिलीला बाहेरच्या मुलांना जागा मिळणं अवघड असतं, कारण त्यांच्याच यूकेजीची मुलं वर चढतात. आम्हाला पाहिजे होती ती शाळा मिळाली नाही, दुसरीकडं घालावं लागलं. तुमच्या मिस्टरांना इंग्लिश मीडियमच पाहिजे असेल तर हे आज धरून चला, यूकेजीच्या मार्चला धावपळ करून उपयोग नाही. मराठी शाळेत जाणार असाल तर हा प्रश्नच नाही.

मैत्रिणीचंही खरंच विचारात घ्या. माझ्या मुलीच्या वर्गात तिच्या वयाची एकही मुलगी नव्हती, सगळे मुलगे. ती रमली, खरं घरी आल्यावर शेजारच्या पोरींत जायला बुजायची.

आणि शाळेला मान्यता आहे का, तेवढं खानापूरच्या बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसात विचारून घ्या. सिस्टरांना विचारलं तरी सांगतील.

मलप्रभेकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. वयाचा हिशेब कळल्यावर नणंदेला फोन लावला, तीही गप्प झाली. बाईंनी सांगितलं तसं जाऊन बसले. सिस्टरांनी आढेवेढे न घेता एका बाजूला स्टूल दिलं.

विहिरीवर लोखंडी जाळी आहे, कुलूप आहे. संडासाला आतनं कडीच नाही, नुसता पडदा, आणि बाहेर आया बसलेली असते. पेन्सिल यूकेजीच्याच मुलांच्या हातात दिसली. नर्सरीची मुलं परातीतल्या तांदळात बोटानं गोल काढत होती. एका मुलानं मूठभर तांदूळ तोंडात घातले तर आयानं बोट घालून काढले आणि म्हणाली, अरे भात होऊ दे की आधी!

एक पोरगं आल्यापासून रडत होतं. टीचरनी त्याला कडेवर घेतलं आणि तसंच घेऊन बाकीच्यांना गाणं म्हणायला लावलं, हत्तीचं गाणं, मराठीतलं. गाणं संपलं तरी खाली ठेवलं नाही. सिस्टर मध्येच आल्या, त्यांनी त्याला विचारलं, "काय झाला, पोट दुखते?" मराठी तोडकंच, खरं विचारलं मराठीत, आणि पोरानं मान हलवून नाही म्हणून सांगितलं. माझ्या जिवाला तिथंच बरं वाटलं.

टीचर सहा वर्षं तिथं आहेत. पगार कमी आहे म्हणाल्या, वेळेवर मिळतो.

नर्सरीत येणाऱ्या जूनला चार मुली आहेत, त्यातली एक आमच्याच मागच्या आळीतली.

सासरे फादरांकडं जाऊन आले. काय बोलणं झालं ते पूर्ण सांगत नाहीत. सकाळच्या प्रार्थनेला बसली तर हरकत नाही, घरी हरिपाठ चालूच राहील, एवढं म्हणाले. ८ सप्टेंबरच्या फुलांचं मी मुद्दाम सांगितलं, तर म्हणाले फुलं कुठल्याही देवाला वाहावीत, आपली जास्वंद तरी कुठं तोडून संपतेय. पहिलीचं मात्र नवरा आणि मी अजून एकमताचे नाही. ते इंग्लिशवर ठाम आहेत, मला गावची शाळा पाहिजे. यूकेजीला जाईपर्यंत दोन्हीकडं डोळा ठेवायचा असं ठरवलंय.

प्रवेशाला काय काय कागद लागतात, आणि पहिल्या आठवड्यात तिच्याजवळ बसून राहू का?

पहिलीच्या बाई

बस, बसू दिलं तर. पहिले दोन दिवस खोलीत, मग फणसाखाली, मग घरी. निघताना लपून जाऊ नकोस, "मी जाऊन येते, डबा खाल्लास की न्यायला येईन" असं सांगून जा, आणि त्या वेळेला खरंच जा. दप्तरात दोन जादा चड्ड्या, एक फ्रॉक आणि पंचा ठेव, जूनमध्ये लागतोच.

कागद थोडेच. जन्मदाखला, आधार, लसीचं कार्ड, फोटो. त्यात एक काम आजच कर, जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून नाव बघ. आपल्याकडं मराठी नावं कन्नडमधनं इंग्लिशमध्ये जाताना बदलतात, आडनावाचा शेवट तर हमखास. पहिलीला गेली की सॅट्सवर (सरकारच्या विद्यार्थी नोंदणीत) तिचा नंबर पडतो, आणि तिथं जे नाव चढतं तेच पुढं दाखल्यावर आणि दहावीच्या मार्कलिस्टवर येतं. नंतर दुरुस्तीला पालकांनी किती हेलपाटे घातलेत ते मी बघितलंय. फरक असेल तर पाऊस लागायच्या आत दुरुस्त करून घे. आणि नवऱ्याचं नाव, आडनाव त्याच्या स्वतःच्या आधारवर जसं आहे तसंच लेकीच्या कागदावर लिहिलंय ना, तेही बघ.